टेकन ८ : शिकवतो भरपूर, वापरू देतो थोडं

नमस्कार मंडळी. पुढे अजून चार-पाच खुर्च्या रिकाम्या आहेत, मागे उभे आहात त्यांनी या पुढे, संकोच करू नका. समोर दोन प्रकारचे लोक बसलेत असं दिसतंय. एक म्हणजे टेकन ८ या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या हीट डॅशचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळावर आठ्या येतात ते, आणि दुसरे म्हणजे ज्यांची मुलं रात्री बारा वाजता आतल्या खोलीतून ओरडतात आणि नक्की काय चाललंय ते ज्यांना कळत नाही ते आई-बाबा. दोघांनाही समजेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टेकनच्या इतक्या वर्षांत टेकन ८ इतका शिकवणारा भाग आला नाही, आणि शिकलेलं वापरायला इतका कमी वाव देणाराही आला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच गेममध्ये आहेत म्हणून तर जीव तुटतो, गेम वाईटच असता तर सोडून दिला असता ना.

जरा मागे जाऊ. टेकन ३ आर्केडला आला १९९७ मध्ये आणि प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये, आणि आपल्याकडे पुढची कितीतरी वर्षं तोच चालला. पेठांमध्ये, कोथरूडला, हडपसरला, कुठेही जा, जिन्याखाली नाहीतर गाळ्यात एक गेम पार्लर, दोन-तीन टीव्ही, तासावर पैसे आणि नियम एकच, हारेल तो उठेल. तिथे शिकायचं कसं तर मागे उभं राहून. जो जिंकतोय त्याच्या अंगठ्याकडे बघत राहायचं, आणि त्याला विचारलं की "दादा हे कसं मारलं" तर दादा हसायचा आणि पुढची मॅच लावायचा. कुणी सांगायचं नाही. एडी नावाचं कॅरेक्टर घेऊन नुसती बटणं बडवणारा पोरगा महिनाभर खेळलेल्याला हरवून जायचा, आणि एडीला थांबवायचं कसं हे सांगायला कुणी नसायचं.

टेकन ८ ने हा सगळा प्रश्न सोडवलाय आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय. गेम २६ जानेवारी २०२४ ला आला, पीएस फाइव्ह, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर, पहिल्याच दिवशी ३२ कॅरेक्टर, नवीन तीन, पेरूची अझुसेना, फ्रान्सचा व्हिक्टर आणि टेकनमधल्या जुन्या हेहाची या कॅरेक्टरची मुलगी रेना. दिसतो अफाट सुंदर, हे तुम्हाला ट्रेलर बघून पण कळेल त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. खरी कमाल आहे रिप्लेमध्ये. तुम्ही मॅच हरलात, रिप्ले उघडला, तर गेम मध्येच दाखवतो की इथे समोरच्याचा वार तुम्ही अडवला होता, त्यानंतर तो उघडा पडला होता, तेव्हा तुम्ही अमुक मारू शकला असता. आणि नुसतं दाखवून थांबत नाही, तिथल्या तिथे कंट्रोलर तुमच्या हातात देतो, तोच क्षण, तोच वार, करा आता प्रॅक्टिस. पार्लरमधल्या त्या दादाने जे कधीच सांगितलं नाही ते हा गेम न विचारता सांगतो.

दुसरं घोस्ट. तुम्ही जसे खेळता तसं खेळणारी तुमचीच एक प्रत गेम तयार करत जातो आणि तुम्ही तिच्याशी लढू शकता. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, लिली हे कॅरेक्टर घेऊन खेळते, तिने स्वतःच्या घोस्टशी खेळायला सुरुवात केली तर घोस्ट दर वेळी खाली पडला की उठताना लाथ मारायचा, दर वेळी, तीच लाथ. तिला तोपर्यंत माहीतच नव्हतं की ती असं करते. दोन आठवड्यांत ती सवय गेली आणि जी पोरं तिला जमिनीवरून उठूच द्यायची नाहीत ती आता विचार करायला लागलीत. असा कोच पैसे देऊन पण मिळत नाही.

आता ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. चार बटणं म्हणजे चार हातपाय, स्क्वेअर डावा हात, ट्रँगल उजवा हात, क्रॉस डावा पाय, सर्कल उजवा पाय. वार तीन उंचीवर येतात, हाय, मिड आणि लो. उभं राहून गार्ड केलात तर हाय आणि मिड अडतो पण लो पायावर बसतो, खाली बसून गार्ड केलात तर लो अडतो पण मिड डोक्यात बसतो. म्हणजे बचाव करणाऱ्याला सतत ठरवायचं असतं, उभं राहू का बसू. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो आणि डोळ्यांनी बघून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम धरा, ऑनलाइन असाल तर अजून थोडे.

ब्रायन या कॅरेक्टरची एक लाथ आहे, स्नेक एज, खालून झाडू मारल्यासारखी फिरते. बसली तर तुम्ही हवेत, अर्धी एनर्जी जाते म्हणा ना. पण ती हळू आहे, पाव सेकंदाहून बराच जास्त वेळ घेते, म्हणजे डोळे उघडे ठेवले तर दिसते, आणि खाली बसून अडवली की ब्रायन तुमच्या समोर पूर्ण उघडा, मग त्याला उचलून कॉम्बो, म्हणजे एकामागून एक वारांची मालिका, तुम्ही मारायचा. वार मोठा आहे ना, मग चुकला की शिक्षा पण मोठी. मागे सरकायचं, बाजूला व्हायचं, समोरचा हवेत हात मारेल याची वाट बघायची आणि मग मारायचं. कोरियाचा नी, म्हणजे बे जे-मिन, किंवा लाहोरचा अर्सलान ॲश या प्रो खेळाडूंच्या जुन्या मॅचेस बघा, कितीतरी वेळ दोघं नुसते मागेपुढे हलताना दिसतात, कोणी मारत नाही, आणि तरी बघणारा श्वास रोखून असतो. अर्सलानने २०१९ मध्ये आधी इव्हो जपान आणि मग लास व्हेगासचं इव्हो अशा फायटिंग गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या तेव्हा जगाला कळलं की लाहोरच्या आर्केडमध्ये किती तयारीची पोरं बसलीत, आणि त्यांची ताकद काय होती तर बचाव आणि शिक्षा.

आता हीट. टेकन ८ मधली ही नवीन सिस्टिम. प्रत्येक राउंडला एकदा हीट चालू करता येते, साधारण दहा सेकंदांचा टायमर असतो, आणि त्या वेळात तुमचे वार समोरच्याने नीट गार्ड केले तरी त्याची एनर्जी थोडी थोडी कमी होते. वर हीट डॅश, म्हणजे ठराविक वार मारायचा आणि मधूनच पुढे धाव घ्यायची. समोरच्याने तो वार अडवला असेल तरी तुम्ही त्याच्या तोंडाशी आणि पाच फ्रेमने पुढे, म्हणजे तो काही करायच्या आत तुमचा पुढचा वार सुटणार, आता तुम्ही मिड मारा नाहीतर लो. तो मागे जाऊ शकत नाही, मधे हात घातला तर मार खातो, आणि तो लो स्नेक एजसारखा बघून अडवण्याइतका हळू नसतो. उरतं काय, उभा राहू का बसू, टाकला रुपया. याला सगळे फिफ्टी-फिफ्टी म्हणतात. आठवा, आधीचा वार त्याने अडवला होता! त्याने बरोबर ओळखलं, बरोबर गार्ड केलं, आणि त्याचं बक्षीस काय तर नाणेफेक.

कबड्डीत रेडरला तीस सेकंद मिळतात, तो जोरात येतो, आणि आपल्याला ते आवडतं, पण समोरच्या सातांना पकड करायची मुभा असते म्हणून त्या तीस सेकंदांत मजा आहे. हीटमध्ये पकड करायची मुभाच काढून घेतलीय. आणि तीन राउंड जिंकणारा मॅच जिंकतो, म्हणजे मॅच पाच राउंडपर्यंत गेली तर हे प्रकरण प्रत्येकाकडून पाच वेळा, दोघांचं मिळून दहा वेळा.

सुरुवातीला ड्रॅगुनोव्ह हे कॅरेक्टर याचं सगळ्यात त्रासदायक रूप होतं. त्याचा धावत येऊन मारलेला हात अडवला तरी वार करायची पाळी त्याचीच राहायची आणि मग तोच लो नाहीतर मिड. तो नंतर कमी केला. लोकांनी सहन केलं कारण गेम नवीन होता, शिकायला खूप होतं, आणि डेव्हलपर सांगत होते की पुढच्या सीझनमध्ये बचावाकडे लक्ष देऊ. मग १ एप्रिल २०२५ ला सीझन २ चा पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारा अपडेट, आला आणि झालं उलटंच. कितीतरी कॅरेक्टरना आणखी जोरदार हल्ले मिळाले, आणखी फिफ्टी-फिफ्टी मिळाली, आणि ज्याची जी उणीव होती ती भरून काढली. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त लागली. उणीव असते म्हणून कॅरेक्टर वेगळं वाटतं हो, एखाद्याचा लो कमजोर असतो, एखादा बाजूला सरकलात की चुकतो, आणि तुम्ही महिनोन् महिने तेच शिकलेले असता. सगळ्यांना सगळंच दिलंत तर मी पस्तीस जणांचा अभ्यास कशासाठी केला? पीसीचे गेम विकणाऱ्या स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा ढीग लागला, प्रो खेळाडू उघड बोलले, मग एप्रिलमध्येच घाईने एक पॅच आणि मे मध्ये दुसरा असं करून थोडं मागे घेतलं. थोडंच.

पैशाचं पण बोलायला हवं. टेकन ३ मध्ये हेहाची हवा असेल तर आर्केड मोड पुन्हा पुन्हा पूर्ण करायचा, एकेक करून लपलेली कॅरेक्टर उघडत जायची, आणि तो उघडला की पार्लरमधल्या सगळ्यांना मिळायचा. टेकन ८ मध्ये हेहाची ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, विकत. एडी पण विकत, एप्रिल २०२४. नवीन कॅरेक्टर करायला मेहनत लागते, त्याचे पैसे मागितले तर माझी तक्रार नाही. पण गेम बाजारात येऊन, रिव्ह्यू छापून झाल्यावर साधारण महिन्याभराने आत कपड्यांचं दुकान उघडलं, मग फाइट पास, म्हणजे खेळत खेळत बक्षिसं उघडत जायची योजना, आणला, आणि पुढे गेनमाजी टेंपल नावाची स्टेज वेगळी विकायला काढली तेव्हा आधीच सीझनचे पैसे भरून बसलेले लोक चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. जुन्या सगळ्या टेकनची गाणी मात्र ज्यूकबॉक्समध्ये फुकट दिलीत, टेकन ३ चं संगीत लावून खेळून बघा.

ऑनलाइनबद्दल दोनच वाक्यं. क्रॉसप्ले आहे, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवाले एकमेकांशी खेळू शकतात, समोरचा वायफायवर आहे का वायरवर हे आधी दिसतं, ही मोठी सोय आहे, तेव्हा वायर घ्या आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, कारण गुरुवारी आपल्याकडे लाईट जाते आणि मॅच मधेच तुटली की समोरच्याला वाटतं तुम्ही हरताना पळालात. आणि खरंच पळून जाणारे पण आहेत, सुरुवातीच्या काळात तर फारच होते.

आता मला काय हवंय ते सांगतो. हीट काढून टाका असं मी म्हणत नाही, पहिल्यांदा खेळणाऱ्याला तिच्यामुळे हल्ला करायचं धाडस येतं, आणि आमच्या ग्रुपमधली निम्मी पोरं त्याच्यामुळेच टिकली. राउंडला एकदा ऐवजी मॅचला दोनदा करा. मग ती कधी वापरायची याचा विचार करावा लागेल, आणि उरलेल्या राउंडमध्ये मागे सरकणं, बाजूला होणं, वाट बघणं याला किंमत येईल. हीट डॅश अडवलेल्या वारावर मारला तर दोघं बरोबरीत राहू देत, पाच फ्रेम पुढे नको. आणि रिप्लेमध्ये जसं सांगता की इथे तुम्ही शिक्षा देऊ शकला असता, तशी शिक्षा देण्याच्या जागा मॅचमध्ये पण वाढवा.

बाहेर दोन सेटअप लावलेत, कंट्रोलर चारच आहेत, हारेल तो उठेल. आधी प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतून त्या काकूंचा हात कधीचा वर आहे.