बेचाळीस सैनिकांची रोमन फौज

श्रोतेहो, नमस्कार.

पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन लीजनचा, म्हणजे रोमन फौजेतल्या मोठ्या तुकडीचा, हिशेब नीट लिहून ठेवला आहे. तरुण हस्ताती १२००, त्यांच्या मागे प्रिन्सिपेस १२००, सर्वांत मागे मुरलेले त्रिआरी ६००, आणि पुढे धावत जाऊन भाले फेकणारे वेलितेस १२००. एकूण पायदळ ४२००, शिवाय ३०० घोडेस्वार. आता एका छोट्या धातूच्या सैनिकाला शंभर माणसं धरा. लीजनचं पायदळ ४२ सैनिकांत बसतं. छोटे सैनिक रंगवून टेबलावर लढाईचा डाव खेळायचा हा छंद आहे, आणि त्यासाठी ऐतिहासिक फौज उभी करायला हा आकडा पुरेसा आहे. तरीही बहुतेक नवशिके सुरुवातीलाच दोन-तीनशे सैनिक घेतात, त्यातले वीसेक रंगवतात आणि बाकीचे डब्यात पडून राहतात. या छंदातले लोक त्याला शिशाचा डोंगर म्हणतात.

हा डोंगर होतो, कारण माणूस सैनिक मोजतो. मोजायचा असतो बेस. बेस म्हणजे ज्या पातळ पट्टीवर दोन, तीन किंवा चार सैनिक चिकटवतात ती. खेळात हलतो तो बेस, लढतो तो बेस आणि मरतो तोही बेसच. म्हणून आधी नियम निवडायचे, नियमांवरून बेसचं माप ठरतं, मापावरून सैनिकांची संख्या, आणि मग खरेदी. उलट क्रमाने गेलात, तर रंगवून झालेले सैनिक बेसवरून उचकटण्याची पाळी येते, आणि त्यात घोटे तुटतात.

आज उदाहरणाला दुसऱ्या प्युनिक युद्धातल्या दोन फौजा घेऊ, रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, इ.स.पू. २१८ ते २०१. नियम घेऊ डीबीए (डी बेलिस अँटिक्विटाटिस) या नावाने ओळखले जाणारे. ते १९९० साली ब्रिटनमध्ये निघाले. त्यात प्रत्येक बाजूला बरोबर १२ बेस असतात. १५ मिलिमीटर मापाच्या सैनिकांसाठी प्रत्येक बेसची रुंदी ४० मिलिमीटर. खोली वेगवेगळी: दाट पायदळाला १५, विरळ पायदळाला २०, घोडदळाला ३०, हत्तीला ४०.

१५ मिलिमीटर म्हणजे तळव्यापासून साधारण डोळ्यांपर्यंतची उंची. पण प्रत्येक कंपनीची पट्टी निराळी असते, काहींचे १५ प्रत्यक्षात १८ भरतात. दोन कंपन्यांचे सैनिक शेजारच्या दोन बेसवर खपून जातात, एकाच बेसवर मात्र लगेच डोळ्यांत येतात. २८ मिलिमीटरचे सैनिक देखणे खरे, पण त्यांना बेस ६० मिलिमीटरचे लागतात आणि टेबलही दीडपट. पहिली फौज १५ मध्येच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रोमन फौजेची वाटणी अशी. हस्ताती आणि प्रिन्सिपेसचे मिळून सहा बेस, प्रत्येकी चार सैनिक, झाले २४. त्रिआरींचे दोन बेस, ८ सैनिक. वेलितेसचे दोन बेस, प्रत्येकी दोन, ४ सैनिक. घोडदळाचे दोन बेस, प्रत्येकी तीन, ६ स्वार, त्यातला एक सेनापती. एकूण ४२. पॉलिबियसच्या प्रमाणात वेलितेस १२ हवे होते, इथे चारच आहेत. ही चूक नाही. वेलितेस विखरून लढत, त्यामुळे दोन सैनिकांचा विरळ बेस त्यांनी व्यापलेली जागा दाखवतो, डोकी नाही.

आता तयारी. धातूचे सैनिक रबराच्या फिरत्या साच्यात ओततात, त्यामुळे अंगावर साच्याची रेघ आणि कडेला पातळ पापुद्रे राहतात. चाकूच्या पात्याची पाठ रेघेवरून ओढा, उरलेलं बारीक कानशीने घासा. जुन्या सैनिकांत शिसं असतं, म्हणून घासताना पाणी लावा, धूळ उडू देऊ नका आणि काम झाल्यावर हात धुवा. नंतर सैनिक साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. हाताचं तेल राहिलं तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, सुटतो. ओतीव भाले हटकून वाकतात. ते कापून, मूठ ०.६ मिलिमीटरच्या हातड्रिलने आरपार पाडून, त्यात ०.५ मिलिमीटरची पोलादी तार बसवा. टोक थोडं बोथट करा, नाहीतर बेस उचलताना बोटात घुसेल.

धातूला सुपरग्लू लागतो. कडक प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एक करतं. मऊ प्लास्टिकचे १/७२ प्रमाणातले सैनिक मात्र कशालाच नीट दाद देत नाहीत, आणि भाला वाकला की रंगाची खपली निघते.

रंगवण्यापुरते आठ ते बारा सैनिक एका चपट्या लाकडी पट्टीवर पांढऱ्या गोंदाच्या थेंबाने चिकटवा. दोघांमध्ये दोन सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर आतल्या बाजूला ब्रश पोहोचणार नाही. ढाली आत्ता लावू नका, त्या वेगळ्या पट्टीवर रंगवा. स्प्रे प्रायमर २० ते ३० सेंटीमीटरवरून, पातळ, दोन फेऱ्यांत. फार लांबून मारला तर रंग हवेतच सुकतो आणि सैनिकावर खरखरीत दाणे बसतात. हवा दमट असेल त्या दिवशी स्प्रेला हात लावू नका. १५ मिलिमीटरला काळा प्रायमर सोयीचा, कारण राहून गेलेली खाच आपोआप सावली होते. पांढऱ्यावर तीच खाच चूक म्हणून दिसते.

अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करा आणि दोन हात द्या. ब्रश एक किंवा दोन नंबरचा. शून्याचे ब्रश घेण्याचा मोह होतो, पण त्यांच्या पोटात रंग मावत नाही आणि टोकावरच सुकतो. चांगलं टोक असलेला दोन नंबरचा ब्रश डोळासुद्धा काढतो. अर्थात १५ मिलिमीटरला डोळे काढूच नका. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत, आणि काढले तर सगळी फौज दचकल्यासारखी दिसते.

क्रम आतून बाहेर: कातडी, अंगरखा, चिलखत, पट्टे, शस्त्रं. एक रंग सगळ्या पट्टीवर संपवा, मग दुसरा घ्या. साखळीच्या चिलखताला काळपट तपकिरी, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चांदीचा हात, वर काळा वॉश, म्हणजे खाचांत जाऊन बसणारा पातळ गडद रंग. शिरस्त्राण ब्राँझचं, त्याला तपकिरी वॉश. धातूरंगाचं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा, नाहीतर चकाकणारे कण पुढच्या प्रत्येक रंगात उतरतात. वॉश कुठे साचला तर ओल्या ब्रशने लगेच टिपा. वाळल्यावर त्याचा डाग पडतो. मूळ रंग मनात आहे त्याहून एक छटा उजळ ठेवा, कारण इतक्या लहान आकारावर गडद रंग काळेच दिसतात.

कोणता रंग कुणाला, हे ठरवण्यात खरी गंमत आहे. पॉलिबियस सांगतो, की रोमन सैनिक शिरस्त्राणात जांभळी किंवा काळी तीन पिसं खोवत, सुमारे हातभर उंच. ज्यांची मालमत्ता १०,००० द्राख्मांहून अधिक, ते साखळीचं चिलखत घालत. बाकीच्यांच्या छातीवर वीतभर चौरस पितळी पत्रा. म्हणजे एकाच बेसवर दोन्ही असायला हवेत. काही वेलितेस शिरस्त्राणावर लांडग्याचं कातडं घालत. अंगरखे बिनरंगी लोकरीचे केलेत तर शोभतात: फिकट बदामी, तपकिरी वॉश, आणि घड्यांच्या माथ्यावर मळकट पांढरा.

समोरच्या, म्हणजे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या, फौजेत अनेक देशांचे सैनिक, त्यामुळे रंगांची चंगळ आहे. कॅनीच्या लढाईच्या वर्णनात, इ.स.पू. २१६, स्पॅनिश सैनिक जांभळ्या काठाच्या तागाच्या अंगरख्यांत आहेत आणि गॉल उघड्या अंगाने लढताहेत. पांढरा अंगरखा पांढऱ्यापासून सुरू करू नका, फिकट राखाडीपासून करा, नाहीतर उजळ करायला वरचा रंगच उरत नाही. जांभळा काठ आधी जाड ओढा आणि मग वरून राखाडीने कापून बारीक करा. ब्रशने सरळ बारीक रेघ ओढण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. हॅनिबलच्या आफ्रिकी भालाइतांनी त्याआधी जिंकलेल्या लढायांतली रोमन चिलखतं चढवली होती, तेव्हा रोमनांसाठी कालवलेला चिलखताचा रंग इकडेही चालतो. नुमिडियन स्वारांना खोगीर नाही, लगाम नाही. खोगीर-लगामाचे मिळाले तर समजा भलत्याच देशाचे आलेत. हत्तीचंही तसंच. कार्थेजचे बहुतेक हत्ती उत्तर आफ्रिकेतले, भारतीय हत्तीहून लहान, मोठ्या कानांचे आणि खोलगट पाठीचे. घोडे एका रंगाचे करू नका. कुमाईत घोड्याची आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा. तांबूस घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची.

ढाल चिकटवण्याआधी हाताचा आणि ढालीच्या पाठीचा रंग टोकदार पात्याने खरवडून धातू उघडा करा. सुपरग्लू रंगाला चिकटतो, आणि रंगासकट ढाल गळून पडते. वर आधी चकचकीत वार्निश, एक दिवस वाळू द्या, मग मॅट, म्हणजे बिनचमकेचं. मॅट स्प्रे दमट हवेत मारला तर सैनिकांवर पांढरं धुकं बसतं. तसं झालंच तर चकचकीत वार्निशचा हात ब्रशने द्या, बऱ्याचदा ते निवळतं.

बेस दोन मिलिमीटरच्या एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे, घ्या. पुठ्ठा एका बाजूने गोंदाने ओला झाला की वाकतो. पुठ्ठाच वापरायचा असेल तर खालची बाजूही त्याच वेळी रंगवा. सैनिक आधी न चिकटवता ठेवून पाहा. पुढच्या कडेबाहेर भाला किंवा घोड्याचं नाक आलं, तर समोरचा बेस कडेला कड लावून भिडत नाही, आणि या नियमांत भिडण्यावरच सगळं आहे. १५ मिलिमीटर खोलीत चार ढालाइतांचे पाय मावेनात, तर खोली २० करा, खेळ बिघडत नाही; रुंदी मात्र ४० च ठेवा. मग पांढरा गोंद, बारीक वाळू, गडद तपकिरी रंग, कोरड्या ब्रशने फिकट मातकट हात, आणि थोड्या ठिकाणी गवताचे तंतू. दोन्ही फौजांची जमीन एकसारखी ठेवा.

बेसखाली चुंबकी पत्रा लावून खोक्याच्या तळाशी पातळ लोखंडी पत्रा टाकला की वाहतुकीत सैनिक आपटत नाहीत. जुने शिशाचे सैनिक ओकच्या कपाटात ठेवू नका. त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि ती आतपर्यंत खात जाते.

आता डाव. जागा ६० सेंटीमीटर चौरस. टेकड्या इन्सुलेशनच्या फोममधून कापा, पण त्यावर स्प्रे मारण्याआधी गोंदाचा जाड हात द्या, कारण स्प्रेमधला द्रव फोम विरघळवतो. पाळी आली की एक फासा टाकायचा. तीन आले तर तीन हालचाली. कडेला कड लावलेली अख्खी रांग सरळ पुढे जाते तेव्हा ती एकच हालचाल. रांग फुटली की प्रत्येक तुकड्याला वेगळी हालचाल लागते आणि सेनापतीचा हुकूम पोहोचेनासा होतो. फाशावर लढाई कशी, असं कुणी विचारेल. प्रशियाच्या लेफ्टनंट राइसवित्झने १८२४ मध्ये लष्करी सरावासाठी मांडलेल्या क्रीग्सश्पील या युद्धखेळातही चकमकींचा निकाल फाशांवरच होता.

लढतीत दोन्ही बाजू फासा टाकतात आणि त्यात आपल्या बेसचा आकडा मिळवतात. पायदळाविरुद्ध रोमन तलवारबाजांचा, म्हणजे हस्ताती-प्रिन्सिपेसचा, ५, भालाइतांचा ४. रोमनला ४ पडले, बेरीज ९. आफ्रिकी भालाइताला २, बेरीज ६. भालाईत एक बेस मागे रेटला गेला. रोमनला ६ आणि समोर १ पडला, तर ११ विरुद्ध ५, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि तो बेस टेबलावरून उचलायचा. बाजूने शत्रूची कड पुढे आलेली असेल तर एक वजा. आणि बगलेला किंवा पाठीला शत्रूचा बेस चिकटलेला असताना मागे हटायची वेळ आली, तर हटणं नाही, थेट नाश. कॅनी टेबलावर घडते ती या एका नियमामुळे: मधले गॉल मागे रेटले जातात, रोमन रांग आत खेचली जाते, आणि दोन्ही टोकांचे आफ्रिकी तिच्या बगलेला येऊन भिडतात. त्या डावात हत्ती मांडू नका, कॅनीला ते नव्हते. हत्ती हवे असतील तर झामा मांडा, इ.स.पू. २०२. तिथे हॅनिबलकडे ८० होते, आणि रोमन सेनापती स्किपिओने आपल्या तुकड्यांमध्ये सरळ बोळ मोकळे सोडून त्यांना वाट करून दिली होती.

बारापैकी चार बेस गेले आणि समोरच्याचे त्याहून कमी गेले असतील, तर हार. डाव साधारण तासाभरात आटोपतो. लगेच बाजू बदलून दुसरा मांडा, म्हणजे पहिल्यात फाशांनी किती दिलं आणि रांगेने किती, ते कळेल.