गाण्याआधी दिसतं ते चित्र

नमस्कार श्रोतेहो. आज गाण्यांच्या चित्रांबद्दल बोलायचं आहे. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण नवं गाणं बहुतेक वेळा आपण आधी डोळ्यांनी निवडतो आणि मग कानांनी ऐकतो.

तबकड्यांचे संच एके काळी साध्या तपकिरी वेष्टनात विकले जायचे. 1940 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण चित्रकाराने त्यावर चित्र आणलं. न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाच्या दिव्यांच्या पाटीवर त्याने संचाचंच नाव लावून घेतलं आणि त्या पाटीचा फोटो कव्हरवर छापला. पुढे 1948 मध्ये बारा इंची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि चित्रकाराला ऐसपैस जागा मिळाली.

केळी पिकवणाऱ्या आपल्या खान्देशाला एक कव्हर आवर्जून सांगावंसं वाटतं. 1967 मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडच्या अल्बमवर नुसतं एक पिवळं केळं ठेवलं. पुढच्या बाजूला बँडचं नावसुद्धा नाही, फक्त चित्रकाराची सही. पहिल्या प्रतींवर तर साल सोलता यायची आणि आत गुलाबी केळं निघायचं. आपल्या रावेर-यावलच्या शेतात रोज दिसणारी वस्तू जगभर ओळखलं जाणारं कव्हर झाली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कॅसेट आली आणि बारा इंचांचं चित्र चार इंचांच्या इनले कार्डावर, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या कागदावर आलं. स्टॅंडजवळच्या दुकानात कॅसेटी एकावर एक रचलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाला दिसायची फक्त कडेची पट्टी. म्हणून जाणता डिझायनर आधी त्या पट्टीवरचं नाव ठसठशीत करायचा.

आज ती पट्टी म्हणजे यूट्यूबचा थंबनेल, व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र. अहिराणी गाणी तिथे जोरात चालतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण थंबनेल बघा: तेच लाल-पिवळे रंग, तोच गॉगल, मागे कुठल्या तरी परदेशी शहराच्या इमारती. गाणं धुळ्याचं की आणखी कुठलं, काही कळत नाही. अक्षरांचे हाल तर विचारू नका. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे उंची जास्त लागते. त्यात अक्षरांना जाड काळी कड दिली की अनुस्वार बुजतो, ‘कुंकू’चे उकार एकमेकांत मिसळतात, आणि मोबाईलवर नुसता डाग दिसतो. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब गाण्याची वेळ दाखवतं. तिथे गायिकेचं नाव टाकलं तर ते झाकलंच जाणार. दोन-तीन शब्द, साधी कड, मोकळी जागा; बस्स.

श्रावणात आपल्या कानबाई देवीची गाणी येतात, तेव्हा गुलाबाच्या पाकळ्यांचं तयार चित्र कशाला? कानबाई म्हणून पुजल्या जाणाऱ्या, नथ आणि कुंकू ल्यायलेल्या नारळाचा जवळून काढलेला फोटो लावा. खान्देशातल्या बाया तो लांबूनही ओळखतील. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या गाण्याला निंबाच्या फांदीचा झोका पुरे. मात्र फोटो काढताना चारही बाजूंनी जागा सोडा. व्हॉट्सॲप स्टेटसला तो उभा लागतो, यूट्यूबला आडवा आणि गाण्यांच्या ॲपवर चौकोनी. चेहरा कडेला चिकटलेला असेल तर एकीकडे तरी कपाळ कापलं जातं.

आणखी एक मागणी करतो. गायक, संगीतकार, कॅमेरामन यांची नावं गाण्याखाली असतात, पण रात्र जागून पोस्टर करणाऱ्या पोरापोरींची बहुतेक वेळा नसतात. अहिराणी गाणी काढणाऱ्या सगळ्या मंडळींना माझं सांगणं आहे, पुढच्या गाण्यापासून त्यांचंही नाव लिहा आणि कामाचे पैसे आधी ठरवा. नमस्कार.