आरशातही पाठच

श्रोतेहो, नमस्कार.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. गडद कोट घातलेला, केस नीट विंचरलेला एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. त्याच्यासमोर आरसा. आरशात चेहरा दिसायला हवा ना? तिथेही पाठच! बेल्जियन चित्रकार रेने मॅग्रित यांनी १९३७ मध्ये काढलेलं हे एडवर्ड जेम्स या कलासंग्राहकाचं व्यक्तिचित्र. खरी गंमत पुढे आहे. आरशाखालच्या फळीवर एक पुस्तक ठेवलंय आणि त्याचं प्रतिबिंब मात्र बिनचूक पडलंय. पुस्तक नसतं तर आपण आरसाच जादूचा म्हणून मोकळे झालो असतो.

व्यक्तिचित्रात वास्तव आणि अतिवास्तव, म्हणजे स्वप्नातच घडावं असं काहीतरी, यांची सांगड घालू पाहणाऱ्या नवोदिताला मी आधी हे पुस्तक बघायला सांगेन. मोडायचा तो एकच नियम. बाकीचे सगळे काटेकोर पाळायचे. समजा, बाईच्या केसांत पक्षी बसवायचाय. खुशाल बसवा, पण त्याच्या वजनानं केस दबलेले दिसू द्या. उजेड डावीकडून येत असेल तर सावली उजवीकडेच पडू द्या. पंखांचा रंग कानाच्या पाळीवर जरासा उतरू द्या. एवढं जमलं नाही, तर पक्षी वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

आणि पक्षीच का? याचं उत्तर समोर बसलेल्या माणसात सापडायला हवं. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलो यांनी १९३९ मध्ये, नवरा दिएगो रिव्हेरा यांच्याशी घटस्फोट झाला त्या सुमारास, स्वतःला दोनदा रंगवलं. हातात हात घेऊन बसलेल्या दोघी, उघडी हृदयं, त्यांना जोडणारी एकच रक्तवाहिनी. एकीच्या हातात चिमटा, आणि पांढऱ्या झग्यावर ठिबकणारं रक्त. फ्रिडा स्वतःला अतिवास्तववादी म्हणवून घ्यायला तयार नव्हत्या, ते पटतं; हे सगळं त्यांच्या आयुष्यातूनच आलेलं. हल्ली मात्र चेहऱ्याच्या जागी ढग, नाहीतर डोळ्यांवर फुलपाखरं, असे नमुने कुणालाही चिकटवलेले दिसतात. मला तो आळस वाटतो.

राहता राहिलं गिऱ्हाईक. पैसे मोजणाऱ्याला आपलं नाक जागच्या जागी हवं असतं. अतिवास्तववादाचा जाहीरनामा निघाला १९२४ मध्ये. त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी इटालियन चित्रकार आर्चिंबोल्दो यांनी सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा अख्खा चेहरा फळं, भाज्या आणि फुलांचा केला होता. नाकाच्या जागी चक्क नाशपाती! असा आश्रयदाता मिळायला नशीबच लागतं.

नमस्कार.