थांबलेल्या पेशी

श्रोतेहो, नमस्कार. मिरकरवाडा बंदरावर कुर्ल्या निवडताना एक डेंगा भरदार आणि दुसरा अगदीच कोवळा, अशी कुर्ली कधी तरी तुमच्या हाती आली असेल. मोडलेला डेंगा कात टाकता टाकता पुन्हा वाढत असतो. आपण मात्र तेवढ्यावरून भाव पाडून मागतो. पालीचीही शेपूट परत फुटते, परंतु तिच्यात मणके नसतात, कूर्चेची नुसती नळी असते. हाडे, स्नायू, नसा यांसकट अख्खा पाय मोठेपणीही पुन्हा घडवावा तो सॅलॅमँडरनेच, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या, पण बेडकासारख्या उभयचर असलेल्या प्राण्याने. आपल्याकडे कोकणात हा प्राणी नाही. भारतात तो दार्जिलिंगकडच्या डोंगरांत आढळतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानी न्यूटच्या, म्हणजे सॅलॅमँडरच्याच एका भाऊबंदाच्या, डोळ्यातील भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढण्यात आले आणि प्रत्येक वेळी ते नव्याने तयार झाले. अखेरीस हे प्राणी तिशीला पोहोचले होते, तरी शेवटचे भिंग कधीच न काढलेल्या भिंगाच्या तोडीचे निघाले. मोतीबिंदूच्या शिबिरात रांगेत बसलेल्या कोणालाही हेवा वाटावा, अशीच ही गोष्ट आहे.

सॅलॅमँडर आणि आपण यांच्यातला एक फरक पेशींत दिसतो. माणसाच्या शरीरात वयाबरोबर अशा पेशी साठत जातात, ज्यांचे विभाजन थांबलेले असते, पण ज्या मरतही नाहीत. उलट दाह वाढवणारी द्रव्ये सोडून शेजारच्या पेशींना त्रास देत राहतात. सॅलॅमँडरमध्येही अशा पेशी तयार होतात, मात्र त्याच्या भक्षक पेशी त्यांना वेळेवर गिळून टाकतात, असे २०१५ मध्ये दिसून आले. त्याआधी, २०१३ मध्ये, मेक्सिकोच्या ॲक्सोलॉटल या सॅलॅमँडरमधील भक्षक पेशी काढून घेतल्या, तेव्हा त्याचा तुटलेला पाय फुटलाच नाही, नुसता व्रण राहिला.

तेव्हा या थांबलेल्या पेशी सरसकट मारून टाकाव्यात, असे वाटणे साहजिक आहे. परंतु त्या निव्वळ केर नव्हेत. गणपतीला आलेला चाकरमानी जसा मखरापासून विसर्जनापर्यंत राबतो आणि मग मुंबईची गाडी पकडतो, तशा सॅलॅमँडरमध्ये त्या नव्या अवयवाच्या वाढीला हातभार लावतात आणि मग नाहीशा होतात. आपल्याकडे त्या मुक्कामच ठोकतात. उंदरांमध्ये त्या आधीच काढून टाकल्या, तर जखम भरायलाही अधिक वेळ लागतो.