पॉलिसी पाच लाखांची, पण खिशातून किती जाणार?

नमस्कार मंडळी. विषय दिलाय निवृत्तीनंतर आरोग्य विमा कसा निवडायचा, आणि मला माहितीये की इथल्या बऱ्याच जणांना माझ्याकडून फक्त एका कंपनीचं नाव हवंय, ताई नाव सांगा, आम्ही उद्या चेक देतो. नाव मी सांगणार नाही. माझी सगळी नोकरी क्लेम डिपार्टमेंटमध्ये, म्हणजे विम्याचे दावे तपासण्यात झाली आणि तिथे रोज बघितलंय की एकाच कंपनीची पॉलिसी एकाला पूर्ण पैसे देते आणि शेजारच्या बेडवरच्या माणसाला निम्मे, कारण दोघांच्या अटी वेगळ्या. म्हणून आज एकच गोष्ट मनापासून सांगायचीये. पॉलिसी किती लाखांची हे नंतर बघा, आधी हे बघा की अॅडमिट झालो तर डिस्चार्जच्या दिवशी माझ्या खिशातून किती जाणार.

आता एक बिल घेऊ, आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून मी ठरवलेत पण पद्धत अगदी खरी आहे. काकांची पॉलिसी पाच लाखांची, त्यात अट आहे की रूमचं भाडं रोज विम्याच्या एक टक्का, म्हणजे 5,000. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलमध्ये काउंटरवर विचारलं सिंगल रूम हवी का, मुलगा म्हणाला हो हो बाबांना आराम पाहिजे, रूम 8,000ची. सहा दिवस राहिले. रूमचे झाले 48,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून 1,60,000. औषधं, तपासण्या, इम्प्लांट 1,40,000. आणि ग्लोव्ह्ज, अॅडमिशन फी असल्या किरकोळ गोष्टींचे 12,000. एकूण 3,60,000. सगळ्यांना वाटतं पॉलिसी पाच लाखांची आहे म्हणजे चिंता नाही, फार तर रूमचे वरचे तीन-तीन हजार भरू.

तसं नसतं. हक्काची रूम 5,000ची आणि घेतली 8,000ची, म्हणजे पाच-आठांश. हे पाच-आठांश फक्त रूमला नाही, सर्जनच्या फीला लागतं, थिएटरला लागतं, नर्सिंगला लागतं. 48,000चे 30,000 झाले, 1,60,000चे एक लाख झाले. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट मात्र पूर्ण मिळतात, त्यांना ही कपात लावायची नाही असा नियमच आहे, तेव्हा कोणी लावली तर भांडा. किरकोळ 12,000 बहुतेक पॉलिसीत मिळतच नाहीत. मंजूर झाले 2,70,000. आता काकांच्या पॉलिसीत 20 टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममधला पाचवा हिस्सा तुम्ही भरायचा, ते गेले 54,000. कंपनीने दिले 2,16,000 आणि काकांच्या घरच्यांनी डिस्चार्ज काउंटरवर भरले 1,44,000. विमा पाच लाखांचा, बिल साडेतीन लाखांच्या आसपास, आणि तरी दीड लाखाची सोय घरून. 5,000ची रूम घेतली असती तर को-पे धरूनसुद्धा यातले बरेच पैसे वाचले असते. म्हणून रूम ठरवायच्या आधी पॉलिसी उघडा, आणि अॅडमिट करायला जो सोबत जाणार आहे त्याला हा आकडा तोंडपाठ पाहिजे.

म्हणून नवीन पॉलिसी बघताना एजंटला पहिला प्रश्न रूमवर लिमिट आहे का, दुसरा को-पे किती, तिसरा मोतीबिंदू, गुडघा, हर्निया यांना वेगळी मर्यादा आहे का. उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. आरोग्य संजीवनी नावाची एक स्टँडर्ड पॉलिसी आहे, सगळ्या कंपन्यांकडे अटी त्याच, तिच्यात को-पे फक्त 5 टक्के, पण रूमला विम्याच्या 2 टक्के आणि जास्तीत जास्त 5,000 रोज. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एवढ्यात सिंगल रूम मिळणं अवघड आहे, जनरल किंवा ट्विन शेअरिंग चालत असेल तर विचार करण्यासारखी आहे. सिनियर सिटीझन म्हणून जे खास प्लॅन विकतात त्यात को-पे बहुतेक असतोच, 20, कुठे 30 सुद्धा. प्रीमियम कमी दिसतो त्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

बरं आता बीपी-शुगरवाले हात वर करा. बघा, निम्मी सभा. तुमच्यासाठी वेटिंग पिरियड. पॉलिसी घ्यायच्या आधीपासून जो आजार आहे त्याला कंपनी जास्तीत जास्त 36 महिने थांबवू शकते, आधी हे 48 होतं, 2024 मध्ये इर्डाने कमी केलं. (इर्डा म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था.) त्याच वेळी 65 नंतर नवीन पॉलिसी नाही ही वयाची अटही गेली. म्हणजे आता 72 व्या वर्षीही मागता येते, पण कंपनी मेडिकल करून नाही म्हणू शकते किंवा प्रीमियम वाढवू शकते, हे लक्षात ठेवा.

आणि फॉर्म भरताना खरं लिहा हो. हे मी हात जोडून सांगते. एजंट म्हणतो काका बीपीची गोळी लिहू नका, उगाच मेडिकल लावतील, आणि आपण सही करतो. मग दोन वर्षांनी छातीत दुखतं, रात्री अॅडमिट, तिथला ज्युनियर डॉक्टर घाईत विचारतो बीपी कधीपासून, काकू घाबरलेल्या, त्या म्हणतात असेल दहा-बारा वर्षं, आणि ते केस पेपरवर लिहिलं जातं. क्लेमच्या टेबलवर सगळ्यात आधी तोच कागद वाचतात. फॉर्मवर नाही, केस पेपरवर दहा वर्षं, झाला क्लेम नामंजूर आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की मग लपवलं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो, पण त्या पाच वर्षांच्या भरवशावर राहणं मला पटत नाही. आणि घरच्यांना तुमच्या आजाराची खरी तारीख माहिती असू द्या, अंदाजाने सांगितलेलं वर्ष खरं लिहिणाऱ्यालाही महागात पडतं.

जे अजून नोकरीत आहेत, किंवा ज्यांची मुलं 55-58ची आहेत, त्यांनी नीट ऐका. ऑफिसचा ग्रुप विमा साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो. मग साठाव्या वर्षी नवीन पॉलिसी, नवीन वेटिंग, आणि गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागतात. रिटायर व्हायच्या तीन-चार वर्षं आधी स्वतःची पॉलिसी सुरू करा, ऑफिसची असतानाच, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी वेटिंग संपलेलं असेल. तेवढा वेळ नसेल तर एचआरला विचारा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, वेटिंगची वर्षं धरून, आणि हे नोकरी सुटायच्या आधी विचारा, नंतर नाही. ही एक गोष्ट वेळेवर केली तर बाकीच्या अर्ध्या कटकटी येतच नाहीत.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार. आधार पुरतं, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात, प्रीमियम नाही. नवरा-बायको दोघं सत्तरीचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड काढता येतं, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांची योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिकांची योजना) मात्र दोन्हीतलं एक निवडावं लागतं. अडचण एवढीच की यादीतल्याच हॉस्पिटलात चालतं आणि ओपीडी त्यात नाही. आपल्या घराजवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे हे आजच बघून ठेवा, दुखणं आल्यावर नाही. माझं मत विचाराल तर हे कार्ड आहे म्हणून चालू पॉलिसी बंद करू नका. सत्तरीत बंद केलेली पॉलिसी पुन्हा मिळवणं फार अवघड.

प्रीमियम परवडत नाही ही खरी तक्रार आहे, ती मी मान्य करते. दोन गोष्टी बऱ्या झाल्यात, साठीवरच्यांचा प्रीमियम वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी इर्डाशी बोलावं लागतं, जानेवारी 2025 पासून, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला. तरीही जड जात असेल तर पाच लाखांची बेस पॉलिसी ठेवून वर सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल भरणारी जोड पॉलिसी. सुपर हा शब्द बघूनच घ्या. वर्षात दोनदा अॅडमिट झालात, दोन्ही वेळा चार-चार लाख, आणि डिडक्टिबल (ज्याच्या वरचंच टॉप-अप देतो ती रक्कम) पाच लाख, तर साधा टॉप-अप काहीच देणार नाही कारण एकही बिल पाचच्या वर नाही, सुपर टॉप-अप आठातले वरचे तीन देईल. आणि मुलांबरोबर एकाच फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून असलेल्या एका पॉलिसीत, जाऊ नका, प्रीमियम सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आणि तुमच्या एका ऑपरेशनमध्ये नातवंडांचं कव्हर संपतं.

क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. कॅशलेसला (कंपनीने हॉस्पिटलला परस्पर पैसे देण्याच्या मागणीला) एका तासात उत्तर आणि डिस्चार्जच्या बिलाला तीन तासांत मंजुरी हा नियम आहे, उशीर झाला म्हणून हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. नाकारल्याचं कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली तेही मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, 30 दिवस वाट बघा, मग विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जा, मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीचा नकार हातात पडल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, तेव्हा ती चिठ्ठी कपाटात ठेवून देऊ नका. ज्यांच्याकडे आत्ता नाकारलेला क्लेम आहे त्यांनी कागद आणले असतील तर चहाच्या वेळात माझ्याकडे या, आपण बसून वाचू.