पॉइंटच्या पुढचा आकडा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'डेटा ॲक्विझिशनमधल्या मूलभूत संज्ञा', म्हणजे सेन्सरनं मोजलेलं आकड्यांत गोळा करायचं त्यातले शब्द, आणि ते मी सांगणारच आहे, पण आधी एक गोष्ट सांगू द्या, कारण पुढच्या दोन रांगांत डिप्लोमाची पोरं बसलीत आणि उद्या हीच पोरं कुपवाड एमआयडीसीत पॅनेलसमोर उभी राहणार.

एका हीट ट्रीटमेंटवाल्यांनी मला बोलावलं होतं, नाव सांगत नाही. गिअरचं काम. सकाळचा माल चांगला, दुपारनंतरचा रिजेक्ट. भट्टीचा सेट पॉइंट 850 अंश आणि इंडिकेटर पण 850च दाखवतोय, मग चूक कुणाची, तर ऑपरेटरची! त्याचे दोन दिवसांचे पैसे कापले होते. मला अजून राग येतो त्याचा. आणि मी जायच्या आधी त्यांनी उपाय काय केला, तर चांगला चाललेला इंडिकेटर काढून महागातला नवा बसवला, कारण जुना नुसता 850 दाखवायचा आणि नवा 850.0 दाखवतो. पॉइंटच्या पुढं एक आकडा जास्त. माल तसाच रिजेक्ट.

मी पॅनेल सोडलं आणि वायर धरून भट्टीकडं चालत गेलो. के टाइप थर्मोकपल होतं, म्हणजे दोन धातूंच्या वायरी जोडून केलेला तापमानाचा सेन्सर, भट्टीच्या अंगाला टर्मिनल बॉक्स, आणि बॉक्सपासून एसी केबिनमधल्या पॅनेलपर्यंत कुणीतरी साधी तांब्याची वायर ओढलेली. कॉम्पेनसेटिंग केबल, म्हणजे थर्मोकपलच्या वायरसारखीच वागणारी केबल, ती नाही! आता बघा, थर्मोकपल तापमान सांगत नाही, तापमानातला फरक सांगतं, के टाइपमध्ये अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट. एक टोक भट्टीत, आणि दुसरं टोक कुठं, तर जिथं त्याची वायर संपते तिथं, म्हणजे त्या बॉक्समध्ये. इंडिकेटर बिचारा धरून चाललाय की दुसरं टोक माझ्यापाशीच आहे, म्हणून तो स्वतःच्या टर्मिनलचे 25 अंश मिळवतो. दुपारी बॉक्स 65 अंशांवर गेलेला. म्हणजे 40 अंशांची तूट, स्क्रीनवर 850.0 आणि आत 890. सकाळी बॉक्स गार असायचा, तूट थोडी, माल पास. केबल बदलली, भानगड संपली. ऑपरेटरचे कापलेले पैसे मात्र मी मागून घेतले, ते द्यायला लावले त्यांना.

तर ही पहिली संज्ञा, रिझोल्युशन. यंत्र किती बारीक फरक दाखवू शकतं ते. आणि दुसरी ॲक्युरसी, म्हणजे दाखवलेला आकडा खऱ्याच्या किती जवळ आहे ते. पहिली पैसे टाकून विकत मिळते, दुसरीसाठी वायर धरून चालावं लागतं.

तिसरी प्रिसिजन, म्हणजे तेच मोजमाप पुन्हा पुन्हा केलं तर आकडे एकमेकांशी किती जुळतात. कृष्णेवरच्या आपल्या आयर्विन पुलाचं घ्या, तिथं पाण्याची पातळी मोजतात. पावसाळ्यात अख्खी सांगली फूट आणि इंचात बोलते, 40 ला इशारा, 45 ला धोका, 2019 ला तर 57 च्या वर गेलं होतं पाणी. समजा मोजपट्टीच अर्धा फूट खाली सरकलेली असली, तर पाच जणांनी वाचलं तरी पाचही जण तोच आकडा सांगतील. प्रिसिजन उत्तम, पण पाचही जण अर्ध्या फुटानं चुकलेले. आणि त्या अर्ध्या फुटावर नदीकाठची माणसं सामान बांधायचं की नाही ते ठरवतात हो! ही चूक म्हणजे ऑफसेट. मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्यावर टाकलं की बारदानाचं वजन वजा करतात ना, तोच हिशोब. हजार वेळा मोजून सरासरी काढली तरी बारदान काही हलकं होत नाही, सरासरीनं नॉइज, म्हणजे आकड्यांची वरखाली थरथर, कमी होतो, ऑफसेट नाही. त्याला कॅलिब्रेशनच लागतं, माहीत असलेल्या मापाशी ताडून बघणं.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. भरभर सांगतो, लिहून घ्या.

एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारी चिप. 12 बिट म्हणजे 4096 पायऱ्या, 0 ते 10 व्होल्टची रेंज असेल तर एक पायरी साधारण 2.44 मिलिव्होल्टची. 16 बिट म्हणजे 65536 पायऱ्या, पायरी 0.15 मिलिव्होल्टची. पण सेन्सर 50 मिलिव्होल्टच देत असेल आणि तुम्ही रेंज 10 व्होल्टची ठेवली, तर 12 बिटात जेमतेम 20 पायऱ्या वापरात येतात, बाकी सगळ्या वाया. म्हणून आधी ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल मोठा करणारं सर्किट.

सॅम्पलिंग रेट, सेकंदाला किती वेळा मोजायचं. सिग्नलमधल्या सगळ्यात जलद फ्रिक्वेन्सीच्या दुपटीपेक्षा जास्त, हा नायक्विस्टचा नियम. 1440 आरपीएमची मोटार म्हणजे सेकंदाला 24 फेरे. तिचं कंपन तुम्ही सेकंदाला एकदाच मोजलं तर दर वेळी ती त्याच जागी सापडणार, आलेख एकदम सपाट, आणि तिकडं बेअरिंग तुटायला आलेलं. सेकंदाला 25 वेळा मोजलं तर सेकंदाला एक अशी संथ लाट दिसेल, जी मुळात नाहीच. हे एलियासिंग. त्यावरचा फिल्टर एडीसीच्या आधी बसवायचा, नंतर नाही, कारण खोटी लाट एकदा आकड्यांत शिरली की कुठल्याच सॉफ्टवेअरला ती वेगळी काढता येत नाही.

ग्राउंड लूप राहिला. तो चहाच्या वेळी विचारा, मी इथंच आहे.