संस्थेचं वीजबिल फुगलंय? मोटर बदलण्याआधी हे मोजा

नमस्कार मंडळी. मागं पडतंय ते पंचगंगेचं पाणी, आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या चेंबरमध्ये, म्हणजे हौदात. इथून पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा आमचा माणूस, ते शेतांना फेरपाळीनं सोडतो. कोल्हापूर-सांगलीकडं नदीकाठाला अशा कितीतरी संस्था आहेत. मोटर एक, पाइपलाइन एक, बिल एक आणि ते वाटायचं एकरावर. त्यामुळं वाया गेलेली वीज कुणाच्या खिशातून गेली, ते कुणालाच जाणवत नाही. माझं खरं दुखणं तेच आहे.

मागं एकदा शेवटच्या शेतांना पाणी पोचेना. सभेत एकच सूर, मोटर मोठी घ्या! घेतली. 50 ची 75 एचपी केली. पाणी थोडंसंच वाढलं, बिल मात्र डोळे पांढरे करणारं आलं. मोटर कमी पडतच नव्हती, पाइप अरुंद होता. त्याच पाइपातून दीडपट पाणी रेटायला जा, घर्षण सव्वादोन पट होतं. उलट तेवढंच पाणी 6 इंचीऐवजी 8 इंचीतून न्या, घर्षण जवळपास चौथ्या हिश्शावर येतं. पाइपाचा खर्च एकदाच होतो, घर्षणाचं बिल दर महिन्याला येतं.

(जाळी कॅमेऱ्यापुढं धरून)

आणि ही बघा फूट व्हॉल्व्हची, म्हणजे नदीत बुडालेल्या पाइपाच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हची जाळी. आज सकाळीच वर काढली. निम्मी भोकं जलपर्णीच्या मुळांनी बुजलीत. बोट घालून बघा, गाळ कसा घट्ट बसलाय. वीज जळत राहते आणि पंप पाणी ओढायला नुसता धडपडतो. ही साफ करायला अर्धा तास लागतो, पैसा लागत नाही.

आता मोजणी. चेंबरची लांबी-रुंदी टेपनं घ्या. बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि ठरावीक मिनिटांत पाणी किती चढतं ते बघा. चेंबर भरून वाहू देऊ नका. त्यावरून तासाचं पाणी निघेल. मग तासाभरात मीटरवर किती युनिट पडले ते लिहा. मोठ्या मीटरला गुणक असतो, म्हणजे दिसणारा आकडा त्यानं गुणावा लागतो, तो धरायला विसरू नका, आम्ही पहिल्यांदा तिथंच चुकलो.

1 लाख लिटर पाणी 40 मीटर उचलायला निव्वळ 11 युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून 60 टक्के कार्यक्षम धरली तर 18. घर्षणाचे थोडे वर जाणारच. पण तुमचे 28-30 पडत असतील, तर जाळी, पंपाचा झिजलेला इंपेलर (आतला फिरणारा पंखा), पाइपाची गळती, याच क्रमानं बघत जा.

कपॅसिटर जरूर लावा. त्यानं व्होल्टेज सुधारतं, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा ताण हलका होतो. पण बुजलेली जाळी त्यानं मोकळी होत नाही.

आमचा पाटकरी आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला 'लाख लिटरला किती युनिट' हा आकडा वहीत लिहितो. तुमच्या संस्थेच्या पुढच्या सभेत बिलाआधी हाच आकडा वाचायला सांगा.